पडद्यावरील अपघात आणि प्रत्यक्ष उपचार



पाणीगेट हा वडोदऱ्याच्या जुन्या शहराचा पूर्वेकडील दरवाजा. गायकवाडी अमदानीपासून या नगरीत नांदणाऱ्या मराठी कुटुंबांतही आज दूरचित्रवाणीवरील रुग्णालयाच्या कथा आवडीने पाहिल्या जातात. विजया मेहता यांची ‘लाइफलाइन’ १९९१ साली आली, तर ‘संजीवनी’ २००२ साली. या प्रकारच्या कथांत एकाच वेळी अनेक ठिकाणी गंभीर इजा झालेला जखमी तडक शस्त्रक्रियागृहात जातो आणि एक तर दगावतो, नाहीतर थोड्याच दिवसांत घरी परततो.

वास्तव निराळे आहे. अमेरिकेतील शल्यविशारदांनी २०१८ साली ‘ग्रेज ॲनाटॉमी’ मालिकेतील २९० काल्पनिक जखमींची तुलना ४,८१२ खऱ्या जखमींशी केली. मालिकेत शेकडा ७१ जण तातडीच्या कक्षातून थेट शस्त्रक्रियेसाठी गेले, प्रत्यक्षात २५. मालिकेत शेकडा २२ दगावले, प्रत्यक्षात ७. वाचलेल्यांपैकी दीर्घकालीन शुश्रूषेच्या ठिकाणी मालिकेत शेकडा ६ जणांना हलविले गेले, प्रत्यक्षात २२ जणांना.

यातून आप्तेष्टांनी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पहिली, विलंब म्हणजे हेळसांड नव्हे. मानेला आधार देऊन श्वासमार्ग मोकळा करणे, श्वसन सावरणे, रक्तस्राव रोखणे, शुद्ध तपासणे, हा क्रम पाळावाच लागतो. अत्यवस्थ जखमीची पहिली शस्त्रक्रियाही कित्येकदा रक्तस्राव थांबविण्यापुरतीच असते. उर्वरित दुरुस्ती शरीर सावरल्यावर, एक-दोन दिवसांनी होते. अशा वेळी डॉक्टरांवर हात उगारल्यास खोळंबा जखमीच्याच उपचारात होतो.

दुसरी, घरी परतणे म्हणजे बरे होणे नव्हे. हाड सांधले तरी व्यायामोपचार महिनोन् महिने चालतात. कमावता माणूस अंथरुणावर असतो, त्याच्या सेवेसाठी दुसऱ्याचीही मजुरी बुडते. कुटुंबाने याची तजवीज पहिल्या आठवड्यापासूनच करावयास हवी.

पडद्यावरील जखमी आपोआप रुग्णालयाच्या दारी येतो. रस्त्यावरील जखमीस मात्र कोणीतरी पोहोचवावे लागते. त्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका गुजरातेत २००७ पासून व महाराष्ट्रात २०१४ पासून उपलब्ध आहे. ती येईतो वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, मान वाकवू नये. सद्भावनेने मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. यास्तव बघ्यांच्या गर्दीतून एकाने तरी निर्धास्तपणे पुढे व्हावे.