पट्टा एकाकडे, चिशी दुसऱ्याकडे
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला आधीच बजावलं होतं, "शाळेच्या आठवणी तू सांगू नकोस, त्या सगळेच सांगणार आहेत. तू कराटेवर बोल." त्यामुळे आज मी बोलणार आहे ते कराटेवर. पण लाथा-बुक्क्यांवर नाही. आपल्या वयाला त्याहून जवळचा एक विषय आहे.

दहावीनंतर मी कराटेच्या क्लासला जाऊ लागलो आणि पुढे तो क्लासच माझ्या गळ्यात पडला. गेली तीसेक वर्षं मी शिकवतो आहे. हल्ली भेटेल तो एकच विचारतो, "तुझ्यानंतर कोण?" आपल्यातल्या कुणाचा दवाखाना आहे, कुणाचं दुकान, कुणाची शेती, कुणी संस्था काढली आहे. हा प्रश्न फक्त माझ्याच दाराशी आला आहे असं नाही. मी मात्र त्याचं उत्तर शोधायला माझी कला जिथून आली तिकडे पाहतो. ते गाव म्हणजे ओकिनावातलं नाहा.

ओकिनावा हे जपानच्या दक्षिणेकडचं बेट. एकेकाळी तिथे र्यूक्यूचं स्वतंत्र राज्य होतं, ते जपानने १८७९ मध्ये आपल्यात घेतलं. नाहा हे बंदर आणि समोर चीन. या नाहाचे हिगाओन्ना कान्रियो (जन्म १८५३) चीनमधल्या फुझोउ शहरी जाऊन तिथली मुष्टिविद्या शिकून आले. परतल्यावर घरी मोजक्या मुलांना शिकवू लागले आणि १९०५ पासून नाहाच्या व्यापारी शाळेतही. त्यांचं शिकवणं कसलं, तर आधी 'सानचिन'. म्हणजे तीन-चार पावलं पुढे, वळायचं, पुन्हा तीच पावलं. श्वास, पाय, पाठ, खांदे, बस्स. कातांमधली ही सगळ्यात साधी दिसणारी काता. मुलं वर्षानुवर्षं तेवढंच करायची. निम्मी पळून जात असणार, यात मला शंका नाही. माझ्या क्लासातली पंधरा दिवसांत जातात.

जे टिकले त्यांच्यात दोघे १९०२ मध्ये आलेले होते. एक क्योदा जुहात्सु, दुसरे मियागी चोजुन. आपल्या भाषेत एका बॅचचे. आणि इथे गंमत आहे. १९१५ च्या सुमारास गुरू गेले. क्योदांनी गुरूने दिलं तेवढंच आणि तसंच जपलं. त्यांच्या शैलीचं नाव 'तोओन-र्यू'. हिगाओन्ना हे आडनाव ज्या अक्षरांनी लिहितात, त्यांचाच दुसरा उच्चार तोओन. म्हणजे शैलीला गुरूचंच नाव. मियागींनी मात्र भर घातली. ते स्वतः चीनला गेले, 'तेन्शो' नावाची मऊ हातांची काता बसवली, अंग मोकळं करण्याचे व्यायाम पद्धतशीर लावले. १९३४ मध्ये एका वर्तमानपत्राच्या निमंत्रणावरून हवाईला गेले, तिथे पैलवानांकडची लोखंडी लांबट कडी पाहिली आणि तीही आपल्या सरावात आणली. १९४० मध्ये शाळकरी मुलांना झेपतील अशा 'गेकिसाई' नावाच्या दोन काता रचल्या. त्यांच्या शैलीचं नाव 'गोजू', म्हणजे कठोर आणि मृदू. त्यात गुरूचं नाव कुठेच नाही.

आता सांगा, खरा शिष्य कोण? आज तोओन-र्यू मोजक्या लोकांत आहे आणि गोजू-र्यू जगभर. पण १९३६ च्या ऑक्टोबरात नाहाला ओकिनावातल्या मोठ्या कराटे-गुरूंची बैठक भरली, 'कराटे' हा शब्द 'रिकामा हात' अशा अर्थाच्या अक्षरांनी लिहावा यावर चर्चा झाली, तेव्हा हे दोघेही वर्गबंधू तिथे हजर होते. एकाने जपलं म्हणून दुसऱ्याला बदलता आलं, असं मला वाटतं. मूळ कसं होतं हे सांगणारं कुणीतरी जिवंत असलं की बदलणाऱ्याचा हात सैल सुटत नाही. आपल्या गाणाऱ्यांच्या घराण्यांतही हेच दिसतं. एक भाऊ चीज जशीच्या तशी ठेवतो, दुसरा तीच मैफलीत फुलवतो.

मियागींची गोष्ट पुढे कठीण होते. शिन्झातो जिनआन हे त्यांचे ज्येष्ठ शिष्य. पुढचा वारस तेच, असं बहुतेक जण धरून चालले होते. तोक्योच्या प्रात्यक्षिकात "तुमच्या शैलीचं नाव काय?" असं शिन्झातोंनाच विचारलं गेलं आणि त्यातूनच पुढे मियागींनी 'गोजू' हे नाव ठरवलं. मग १९४५ साल आलं. एप्रिल ते जून ओकिनावावर लढाई झाली आणि तिथल्या नागरिकांपैकी सुमारे चौथा हिस्सा त्यात गेला. शिन्झातो गेले. मियागींची स्वतःची मुलं गेली. दुसरा माणूस असता तर थांबला असता. मियागींनी पोलिसांना शिकवलं आणि मग नाहाच्या त्सुबोया भागात घरामागच्या अंगणात पुन्हा वर्ग लावला. वर छप्पर नव्हतं. ८ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले तेव्हा ६५ वर्षांचे होते.

त्यांनी वारस नेमल्याचा सगळ्यांना मान्य होईल असा कागद मागे नव्हता. एवढंच काय, त्यांनी हयातीत कुणाला ब्लॅक बेल्टच्या पदव्याही दिल्या नव्हत्या. म्हणजे वरचा कोण आणि खालचा कोण हे ठरवायची पट्टीच नाही. शिवाय त्यांची शिकवण्याची रीत अशी सांगतात, की सानचिन सगळ्यांना, पण पुढच्या काता ज्याच्या त्याच्या अंगकाठीप्रमाणे. जाडजूड मुलाला एक, चपळ मुलाला दुसरी. प्रत्येकाला एक-दोनच, पण मुरेपर्यंत. त्यामुळे गुरू गेल्यावर एकेका शिष्याकडे एकेक तुकडा होता आणि सबंध गोष्ट फार थोड्यांकडे.

मग काय झालं? मियाझातो एइइची हे पोलिसात नोकरी करणारे शिष्य. गुरूंच्या घरच्यांनी व्यायामाची साधनं त्यांच्याकडे दिली, असं त्यांच्या परंपरेत सांगतात. चिशी म्हणजे दांड्याला बसवलेलं वजन, आपल्या तालमीतल्या मुद्गलाची धाकटी बहीण म्हणा. तोंडाच्या कडेला बोटांनी धरून उचलायचे मडके आणि अशीच इतर साधनं. ती घेऊन मियाझातोंनी १९५७ मध्ये 'जुन्दोकान' उभारला. गुरूच्या वाटेने जाणाऱ्यांचं घर, असा त्या नावाचा आशय. यागी मेइतोकु हे वयाने मोठे शिष्य, त्यांचं 'मेइबुकान'. १९६३ मध्ये गुरूंच्या घरच्यांनी मियागींचा सरावाचा पोशाख आणि पट्टा यागींना दिला. हिगा सेको यांनी तर गुरू हयात असतानाच आपला दोजो काढला होता. तोगुची सेइकिची तोक्योला गेले आणि नवशिक्यांसाठी जोडीने करायचे सराव, नव्या काता असं बरंच काही त्यांनी रचलं.

म्हणजे पट्टा एकाकडे, चिशी दुसऱ्याकडे, आणि सानचिन? ती सगळ्यांकडे.

मला या गोष्टीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. बाहेरून पाहणारा म्हणेल, फाटाफूट झाली. झालीच. रुसवेफुगवे, "खरा वारस आम्हीच" हे सगळं आजवर चालू आहे. १९९९ मध्ये मियाझातो गेले, जुन्दोकान मुलाकडे आला, तेव्हाही काही ज्येष्ठ शिष्य वेगळे झाले. पण आज ओकिनावाला जाऊन या चार घरांतली सानचिन पाहिली, तर चारही ठिकाणी तीच पावलं, तोच श्वास. हातांच्या उंचीत फरक, श्वासाच्या आवाजात फरक, पण मूळ तेच. पट्टा जीर्ण होतो, साधनं झिजतात. जे रोज केलं गेलं तेवढंच टिकलं.

दुसरं एक उदाहरण सांगतो, थोडक्यात. र्यूएइ-र्यू ही ओकिनावातल्या नाकाइमा घराण्याची विद्या. ती बापाकडून मुलाकडे जायची, घराबाहेर नाही. नाकाइमा केन्को यांनी उतारवयात, १९७० च्या दशकात, ती बाहेरच्यांना शिकवायला घेतली. शिकायला आलेल्यांत साकुमोतो त्सुगुओ होते. ते पुढे जागतिक विजेते झाले. त्यांचा शिष्य कियुना र्यो याने २०२१ मध्ये तोक्यो ऑलिंपिकमध्ये कातात सुवर्णपदक मिळवलं. ओकिनावाच्या खेळाडूचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. घरात कोंडून ठेवलेली विद्या घराबाहेर गेली म्हणून ते झालं. केन्कोंनी दार उघडलं नसतं तर विद्या शुद्ध राहिली असती आणि कदाचित संपलीही असती.

आणि हयातीत सूत्रं देण्याचंही उदाहरण आहे. हिगाओन्ना मोरियो, जन्म १९३८. आडनाव तेच आहे, पण हे आजच्या काळातले. जुन्दोकानमध्ये घडले, १९७९ मध्ये त्यांनी गोजू-र्यूची आंतरराष्ट्रीय संघटना काढली आणि ती कित्येक देशांत पोहोचवली. २०१२ मध्ये, चालते-फिरते असताना, त्यांनी मुख्य प्रशिक्षकपद आपल्या शिष्याकडे, तेत्सुजी नाकामुरांकडे दिलं. तेही कॅनडात राहणाऱ्या. ओकिनावाची विद्या, पण तिचा मुख्य प्रशिक्षक ओकिनावाबाहेर! जुन्या लोकांना हे पचायला सोपं गेलं नसेल.

आता घरची गोष्ट. माझी मूळ संस्था काही वर्षांपूर्वी फुटली. नावं घेत नाही, दोन्ही बाजूंना माझी माणसं आहेत. भांडण कशावरून? सही कुणाची आणि शिक्का कुणाचा. त्यात माझ्या क्लासमधल्या मुलांची प्रमाणपत्रं अडकली. सात-आठ वर्षं घाम गाळलेल्या पोरीला दुसऱ्या गटाने सांगितलं, तुझा ब्लॅक बेल्ट आम्ही मानत नाही, परीक्षा पुन्हा दे, फी पुन्हा भर. तिच्या वडिलांची रिक्षा आहे. तिने पट्टा घडी करून माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "सर, मला येतं ते गेलं का?" मी म्हणालो, "सानचिन करून दाखव." तिने केली. "काही गेलं का?" म्हणाली, "नाही." आज ती माझ्याकडे लहान मुलांची तुकडी घेते.

म्हणून माझ्यापुरतं मी ठरवलं आहे, आणि तुमच्यासमोर सांगतो म्हणजे मागे फिरता येणार नाही. वारशाचे दोन ढीग करायचे. एक, ज्याचं हयातीतच कागदावर झालं पाहिजे: हॉलचं भाडेपत्र, बँकेचं खातं, फीची वही, परीक्षा कोण घेणार, सही कुणाची. मियागींच्या मागे हे राहून गेलं. लढाईने उजाड केलेल्या माणसाला दोष कोण देणार? मला मात्र सबब नाही. या दिवाळीआधी हे सगळं तिघांच्या नावे होईल. त्यात माझा मुलगा नाही. त्याला कराटे आवडत नाही आणि त्याने ते मला सरळ सांगितलं, बरं केलं. ती रिक्षावाल्यांची मुलगी तिघांत आहे.

दुसरा ढीग म्हणजे विद्या. ती कुणा एकाला देता येत नाही. तिघांपैकी एक माझं शिकवणं जसंच्या तसं ठेवतो, तो माझा क्योदा. दुसरा सारखं काही नवीन आणतो, रबरी पट्टे काय, मोबाइलवर चित्रण काय. मला चिडायला होतं, पण मग हवाईची ती लोखंडी कडी आठवते. आणि ती मुलगी लहानांना मुद्दाम मोजकंच शिकवते. त्यांनी एकमेकांशी भांडावं, पण आठवड्यातून एकदा एकत्र सानचिन करावी, एवढी एकच अट मी घातली आहे. पुढच्या महिन्यापासून शनिवारचा वर्ग ते तिघे आळीपाळीने घेतील आणि मी शेवटच्या रांगेत उभा राहीन. लहान पोरं हसतील. हसू देत.

सर, बाई, आता तुमच्याकडे वळतो. तुम्ही आमच्यासाठी वारस नेमला नाहीत. पण मियागींसारखंच तुम्हीही प्रत्येकाला वेगळं काही दिलंत. कुणाला गणित चिकटलं, कुणाला अक्षर, कुणाला नुसतं वेळेवर यायची सवय. सबंध शाळा आमच्यापैकी कुणा एकाजवळ नाही, चाळीस जणांत वाटलेली आहे. म्हणून जेवणाच्या पंगतीत मी एक काम करणार आहे. प्रत्येकाला विचारणार, "तुझ्याकडे कोणता तुकडा आला, आणि तू तो पुढे कुणाला दिलास?" उत्तर तयार ठेवा. पहिला नंबर संयोजकांचा.