ज्या रोगाला औषध नाही, तेथे औषधदान कसे करावे?
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने आपल्या परंपरेने श्रावकास सांगितली आहेत. आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षे औषधदान निष्ठेने केले. परंतु ज्या रोगावर औषधच नाही, त्या रोग्यास आपण काय द्यावे? या प्रश्नाचा आज विचार करू.

फायब्रोडिस्प्लासिया ऑसिफिकान्स प्रोग्रेसिव्हा, संक्षेपाने एफओपी, ही सुमारे वीस लाखांत एकास होणारी व्याधी. तीत स्नायूंच्या जागी हळूहळू हाड तयार होते आणि मान, पाठ, खांदे, जबडा जखडत जातात. जन्मतःच पायाचे अंगठे आखूड व वाकडे असणे ही तिची खूण. ती खूण ठाऊक नसलेला डॉक्टर अंगावरील गाठ कर्करोगाची समजून तिचा तुकडा तपासणीसाठी काढतो आणि त्या जखमेतूनच नवे हाड वाढू लागते. स्नायूत दिलेले साधे इंजेक्शनही घातक ठरू शकते. हेतू उपचाराचा, पण अज्ञानामुळे घडते ती हिंसाच.

ही व्याधी जडलेल्या अमेरिकेतील जीनी पीपर यांनी पत्रव्यवहाराने समदुःखी शोधले आणि १९८८ साली अवघ्या अकरा सभासदांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. १९९१ साली फिलाडेल्फिया येथे पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. संशोधक, चिकित्सक आणि रुग्णांची कुटुंबे एकत्र आली. एरवी एखाद्या डॉक्टरला उभ्या आयुष्यात असा एक रुग्णही दिसत नाही. कुटुंबांनी आपले अनुभव सांगितले, तपासणीसाठी रक्त दिले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डॉ. फ्रेडरिक कॅपलन, डॉ. आयलीन शोर व सहकाऱ्यांनी २००६ साली व्याधीचे मूळ शोधले. आनुवंशिक लिपीतील सुमारे तीनशे कोटी अक्षरांपैकी एकच अक्षर बदललेले होते! २०२३ साली अमेरिकेत या व्याधीवरील पहिल्या औषधास मान्यता मिळाली. ते व्याधी समूळ बरी करीत नाही. नव्या हाडाची वाढ कमी करते. कॅरल ऑर्झेल या रुग्ण महिलेने तर आपला अस्थिपंजरही अभ्यासासाठी दिला. २०१९ पासून तो फिलाडेल्फियाच्या मटर संग्रहालयात आहे.

बंधूंनो, हा अनेकान्ताचाच प्रत्यय नव्हे काय? संशोधकास पेशी दिसते, चिकित्सकास देह दिसतो, आईस रात्रभर कण्हणारे मूल दिसते. प्रत्येकाचे ज्ञान सत्य, परंतु एकदेशीय. तिघे एकत्र बसतात तेव्हाच व्याधीचे समग्र रूप उमगते.

आपल्या देशात २०२१ साली दुर्मीळ आजारांविषयी राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. निवडक रुग्णालयांना उत्कृष्टता केंद्राचा दर्जा मिळाला; मुंबईचे केईएम त्यांपैकी एक. धोरणात समाविष्ट आजारांच्या उपचारासाठी पन्नास लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद २०२२ साली झाली. तथापि, केंद्रापर्यंत पोहोचण्यासाठी आधी आजाराचे नाव कळावे लागते, आणि ते नाव जाणणारा माणूस भेटावा लागतो.

कोणी हिशेबी सज्जन म्हणतील, एका कुटुंबावर होणाऱ्या खर्चात मोतीबिंदूच्या कितीतरी शस्त्रक्रिया होतील. व्यापारी या नात्याने हा हिशेब मलाही समजतो. त्या शस्त्रक्रिया थांबवाव्यात असे मी म्हणत नाही. परंतु जो समाज गाळलेल्या पाण्यातील सूक्ष्म जीवाचाही विचार करतो, त्याने वीस लाखांतील एकास गणनेबाहेर ठेवणे शोभत नाही. शिवाय एका परिषदेत मिळालेले ज्ञान पुढच्या प्रत्येक बालकाच्या उपयोगी पडते. ते औषधदान असते, ज्ञानदान असते आणि अभयदानही असते.

म्हणून विश्वस्तांस माझी नम्र विनंती आहे. वर्षातून एक दिवस आपले सभागृह अशा मेळाव्यास विनामूल्य द्यावे. बाहेरगावच्या कुटुंबांची निवास-भोजनाची व्यवस्था धर्मशाळेत करावी. ज्यांस परिषदेस जाण्याचे भाडे परवडत नाही, त्यांना वैद्यकीय निधीतून ते द्यावे. सुवर्णमहोत्सवाचा कलश असा चढावा, ही प्रार्थना करून माझे दोन शब्द संपवतो.

जय जिनेन्द्र!