परक्या गावी घर शोधताना



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना वाटले असेल, की बिबवेवाडीत बसून टोकियोतल्या भाड्याच्या घरांची उठाठेव कशाला? परंतु ज्यांचा मुलगा, मुलगी, भाचा किंवा जावई जपानात नोकरीला आहे अशी माणसे या मंडपातही निघतील. पुण्यात जपानी शिकणारांची कमतरता नाही. टोकियोच्या एदोगावा विभागातील निशिकासाई ही भारतीयांची वस्ती म्हणून ओळखली जाते, आणि पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली त्याच एदोगावाच्या विभागसभेवर निवडून आले. तेव्हा विषय दिसतो तितका दूरचा नाही.

माझ्या भाच्याने तिकडून एक जाहिरात पाठविली होती. तीत '१के', '६ जो', 'स्थानकापासून ७ मिनिटे', 'शिकि १, रेइ १' असे काही लिहिले होते. पोरगा जपानी परीक्षा पास झालेला. पण ही चिठ्ठी त्याला वैद्याच्या अक्षरासारखी वाटली. ती आपण जरा उलगडून पाहू.

'१के' म्हणजे एक खोली आणि निराळे लहानसे स्वयंपाकघर. '२एलडीके' म्हणजे दोन खोल्या आणि शिवाय बसणे, जेवणे व स्वयंपाक यांची मिळून एक मोठी जागा. 'जो' म्हणजे एका तातामी चटईची जागा. जाहिरातीत ती निदान १.६२ चौरस मीटर धरावी असा नियम आहे. म्हणजे सहा जोची खोली आपल्या हिशेबाने सुमारे १०५ चौरस फूट झाली.

'७ मिनिटे' यालाही माप आहे. रस्त्याने ८० मीटर म्हणजे एक मिनिट, आणि वरचे अपूर्ण अंतर पुरे मिनिट धरायचे. तेव्हा सात मिनिटे म्हणजे फार तर ५६० मीटर. चढ आणि सिग्नलपाशी थांबणे मात्र त्यात धरलेले नसते. आपल्याकडे 'स्वारगेटपासून पाच मिनिटांवर' असे छापतात. ती पाच मिनिटे पायी, रिक्षाने की पहाटे चार वाजता, हे वाचणाराने ठरवायचे!

आता पैशाकडे येऊ. 'शिकि' म्हणजे अनामत. घर सोडताना नुकसानीची रक्कम वजा होऊन ती परत मिळते. नेहमीच्या वापराने झालेली झीज भाडेकरूच्या माथी मारू नये, हे २०२० साली अमलात आलेल्या सुधारित दिवाणी कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. 'रेइ' म्हणजे आभार. घर दिल्याबद्दल मालकाला द्यायची ही भेट कधीच परत येत नाही. आपल्या जुन्या पागडीची ही सभ्य बहीण म्हणा ना! सर्वच घरांना ती नसते; तेव्हा 'रेइ ०' हे शब्द शोधावेत.

एक हिशेब मांडू. भाडे ८०,००० येन धरा. शिकि ८०,०००, रेइ ८०,०००, पहिले भाडे ८०,०००, दलाली एक महिन्याची धरली तर करासह ८८,०००, आणि हमी देणाऱ्या कंपनीला अर्ध्या महिन्याचे ४०,०००. बेरीज ३,६८,००० येन. म्हणजे घरात पाऊल टाकण्यापूर्वीच साडेचार महिन्यांच्या भाड्याहून अधिक पैसे गेले. विमा व कुलूप बदलण्याचा खर्च आणखी निराळा. एकट्या भाड्याचा आकडा पाहून मुलाला निरोप देऊ नका, एवढेच माझे सांगणे.

इमारतीचे वय पाहताना १९८१ हे साल ध्यानात ठेवावे. त्या वर्षीच्या जूनपासून तेथे भूकंपासाठी नवे, कडक नियम लागू झाले.

परंतु बंधूंनो, सर्वांत कठीण शब्द जाहिरातीत छापलेलाच नसतो. जपान सरकारने २०१६ साली परदेशी रहिवाशांची पाहणी केली. मागील पाच वर्षांत घर शोधलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांनी सांगितले, की केवळ परदेशी म्हणून आम्हांला घर नाकारले गेले. माझ्या भाच्यालाही दोन ठिकाणी नम्रपणे, कमरेत वाकून, नकार मिळाला. ते पत्र वाचून माझी बहीण रात्रभर कष्टी होती. "आमच्या पोरात काय कमी होते रे?" असे ती मला विचारी.

दुसऱ्या दिवशी तिच्याच सोसायटीच्या फाटकावर मी पाटी पाहिली: 'जागा भाड्याने देणे आहे. फक्त कुटुंबासाठी.' फोन केला तर पहिला प्रश्न आडनावाचा आला, दुसरा खाण्यापिण्याचा. भाडे देण्याची ऐपत तिसऱ्या क्रमांकावर होती. नांदेडहून किंवा मणिपूरहून शिकायला आलेल्या मुलाच्या आईलाही रात्री झोप येत नसेल, हे आपल्या मनात येते काय?

मालकाची भीती खोटी असते असे मी म्हणत नाही. घर ही आयुष्याची पुंजी असते. परंतु त्या भीतीवर उपाय आहेत. नोंदणी केलेला करार आहे, अनामत आहे, आधीच्या मालकाकडे केलेली चौकशी आहे. माणूस पारखावा, आडनाव पारखून काय हाती लागणार?

जपानी जाहिरात वाचायला मी भाच्यासाठी शिकलो. ती शिकता शिकता आपल्या फाटकावरची पाटीही नीट वाचता आली. परक्या गावी आपल्या लेकराला जे दार उघडावे असे वाटते, ते आपल्या गावी दुसऱ्याच्या लेकरासाठी निदान किलकिले तरी करावे, एवढीच माझी विनंती आहे.