अवांतर नव्हे, वाचनच!

‘अवांतर वाचन’ हा शब्द मला कधीच पटला नाही. अभ्यास तेवढा महत्त्वाचा आणि गोष्टीचं पुस्तक म्हणजे वेळ घालवणं, असं आपणच मुलांच्या मनात भरवतो.

गोष्टीचं पुस्तक काय करू शकतं ते पाहायचं, तर लेखक भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवा. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवन शाळेतला, किडकिडीत, सायकलवर सुसाट सुटणारा. त्याची २० पुस्तकं निघाली. दूरदर्शनवर मालिका आली, तिच्यात सुमीत राघवन फेणे झाला. २०१७ साली चित्रपट आला, त्यात अमेय वाघ फेणे झाला. ज्यूल व्हर्नच्या साहसकथा मराठी मुलांपर्यंत आणल्या त्याही भागवतांनीच.

माझा मुलगा चौथीत होता, पुस्तक म्हटलं की तोंड फिरवायचा. मी रोज रात्री फेणेचं एक प्रकरण मोठ्यानं वाचायला लागलो आणि ऐन रंगात आलं की पुस्तक मिटायचो. एका रात्री पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघरात दिवा. पठ्ठ्या ओट्याला टेकून, ओळीखाली बोट धरून पुढचं प्रकरण वाचत होता. मध्येच त्यानं जिभेनं ‘ट्टॉक्’ केलं, अगदी फेणेसारखं! मी पाणी न पिताच मागे फिरलो.

पालकांनो, गोष्ट संपल्यावर ‘तात्पर्य काय?’ असं विचारू नका. आज जेवणं झाली की मोबाईल बाजूला ठेवा आणि मुलांना एक प्रकरण वाचून दाखवा.