डबल बेसचा पहिला गज

वाद्यवृंद वाजूं लागला म्हणजे श्रोत्यांचें लक्ष व्हायोलिनांकडे जातें. मागें उभ्या असलेल्या, माणसाच्या उंचीच्या डबल बेसकडे सहसा कोणी पाहत नाहीं. पण तो थांबला, कीं घराचा पाया काढून घेतल्यासारखें वाटतें. त्याच्या सर्वांत खालच्या तारेचा स्वर सेकंदास सुमारें ४१ कंपनांचा. एवढी जाड तार बोटानें छेडली तर लगेच बोलते. गजानें तिला बोलतें करणें मात्र निराळें काम आहे.

मुंबईला हें वाद्य परकें नाहीं. १९३५ सालीं मेहली मेहता यांनीं स्थापन केलेल्या बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रापासून चित्रपटांच्या वाद्यवृंदांपर्यंत तें येथें वाजत आलें, आणि त्यांत गोमंतकीय वादकांचा वांटा मोठा आहे. एखाद्या घरांतील मुलगा वा मुलगी हें वाद्य शिकूं लागली, कीं वाद्य पुष्कळदां संस्थेचें किंवा शिक्षकांचें मिळतें. गज मात्र स्वतःचा घ्यावा लागतो. तेथें घरच्यांपुढें कोडें पडतें. पैसे बेताचे असतात, आणि चुकीचा गज घेतला तर पैसे जातात तें एक वेळ चालेल, पण शिकणाऱ्याचा हात बिघडतो. तार बोलत नाहीं म्हणून तो जोरानें दाबूं लागतो, मनगट व आंगठा दुखूं लागतो, आणि दोष गजाचा असतांना "आपल्याला हें जमणार नाहीं" असा त्याचा समज होतो.

पहिला प्रश्न गजाच्या जातीचा. डबल बेसचे गज दोन प्रकारचे असतात. फ्रेंच गज चेलोच्या गजाप्रमाणें वरून, तळहात खालीं करून धरतात. जर्मन गजाचा मुठीकडील ठोकळा उंच असतो. हात बाजूनें व खालून येतो आणि आंगठा काठीवर टेकतो. सारंगिये ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना ही खालून धरण्याची रीत चटकन् ओळखीची वाटेल. इटलीचा विख्यात वादक जिओव्हानी बोत्तेसिनी (१८२१–१८८९) फ्रेंच पद्धतीनें वाजवीत असे. व्हिएन्नांत शिकविणाऱ्या फ्रांझ सिमांडलची परंपरा जर्मन गजाची. दोहोंपैकीं श्रेष्ठ कोणता हा वाद व्यर्थ आहे. शिक्षक ज्या पद्धतीचे, त्याच पद्धतीचा गज घ्यावा. कारण पहिल्या वर्षीं हात दुरुस्त करणारें कोणी जवळ असणें हें गजाच्या जातीपेक्षां महत्त्वाचें.

दुसरा प्रश्न काठी कशाची असावी. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या फ्रांस्वा तूर्त ह्या कारागिरानें गजाचें आजचें रूप रूढ केलें, तेव्हांपासून ब्राझीलमधील पर्नांबुको हें लाकूड सर्वोत्तम मानलें जातें. त्या झाडाची कथा आपल्याहि परिचयाची आहे. लाल रंगासाठीं पूर्वेकडून युरोपांत जाणाऱ्या पतंगाच्या लाकडाला तेथें 'ब्राझील' म्हणत. तसाच रंग देणारें झाड दक्षिण अमेरिकेंत सांपडलें तेव्हां तेंच नांव त्याला मिळालें, आणि पुढें त्या देशालाहि. अतोनात तोडीमुळें हें झाड दुर्मिळ झालें असून २००७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. पहिल्या गजासाठीं त्याची हौस धरण्याचें कारण नाहीं.

स्वस्त लाकडी गजांवर बहुधा 'ब्राझीलवुड' असें लिहिलेलें असतें. तें एका झाडाचें नांव नसून अनेक लाकडांना दिलेलें व्यापारी नांव आहे. त्यांत बरें-वाईट दोन्ही सांपडतें. फायबर ग्लासचा गज सर्वांत स्वस्त, दणकट आणि दमट हवेला न जुमानणारा. मात्र पुष्कळदां ढिम्म. कार्बन फायबरचा गज त्याहून महाग, पण काठी ताठ व चपळ, आणि पावसाळ्यांतहि वांकडी न होणारी. पैसे थोडे असतील तर शंकास्पद लाकडापेक्षां ह्या दोहोंपैकीं एक घेणें शहाणपणाचें.

तिसरी गोष्ट परीक्षेची. मळसूत्र सैल करून काठी डोळ्यासमोर धरावी आणि मुठीकडून टोंकाकडे नजर टाकावी. ती डावी-उजवीकडे वळलेली नसावी. केसांच्या बाजूस मात्र तिला बाक हवा. वाजविण्यापुरता ताण दिल्यावरहि हा बाक शिल्लक राहिला पाहिजे. काठी सरळ झाली तर ती दुबळी समजावी. मग गजाचा मध्य तारेवर दाबून पाहावा. नेहमींच्या दाबानें काठी तारेला टेकतां कामा नये. मळसूत्र सहज फिरावें, ठोकळा काठीवर डुगडुगूं नये, टोंकाशीं तडा नसावा. जुना गज घेतांना तर टोंक अवश्य तपासावें.

वजनाचेंहि भान ठेवावें. व्हायोलिनचा गज सुमारें ६० ग्रॅम, चेलोचा ८०, तर डबल बेसचा सामान्यतः १३० ते १४५ ग्रॅम असतो. फार हलका गज प्रथम सुखाचा वाटतो. पण त्याची उणीव हाताला दाब देऊन भरून काढावी लागते. शक्य तर दोन-तीन गज एकाच वाद्यावर, एकच राळ लावून वाजवावे. खालच्या तारेवर सबंध गज संथपणें ओढावा, मग आंखूड तुटक स्वर काढावे. घरच्या माणसानें दहा पावलांवर उभें राहून ऐकावें. वादकाच्या कानाशीं कर्कश वाटणारा स्वर दुरून पुष्कळदां भरदार लागतो.

केस घोड्याचे असतात. पांढरे मऊ, काळे जाड व खरबरीत. डबल बेसवर दोन्ही चालतात. मात्र केस झिजतात व बदलावे लागतात, हा खर्च आधींच हिशेबांत धरावा. अगदीं स्वस्त गजाचे केस बदलण्यास गजाएवढेच पैसे पडतात! राळ खास डबल बेसचीच घ्यावी. ती मऊ व चिकट असते. व्हायोलिनची कठीण राळ जाड तारेला धरीत नाहीं. ही मऊ राळ उन्हाळ्यांत वितळून ओघळते, म्हणून डबी सपाट व थंड जागीं ठेवावी. वाजवून झाल्यावर मळसूत्र रोज सैल करावें. दमट हवेंत केस लांबतात, कोरड्या हवेंत आंखडतात. ताणलेलाच ठेवलेला गज हवा पालटतांच टोंकाशीं मोडूं शकतो.

पहिला गज जन्माचा सोबती असावा असा आग्रह नको. दोन-तीन वर्षांनीं शिकणाऱ्यालाच कळेल, कीं त्याला अधिक ताठ काठी हवी कीं लवचिक. त्या वेळीं अधिक पैसे खर्चणें सार्थकीं लागेल. आणि जुना गज तेव्हांहि टाकावा लागत नाहीं. गुस्ताव्ह होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स' ह्या रचनेंत 'मार्स'च्या आरंभीं वादक गजाच्या काठीनेंच तारांवर आघात करतात. अशा प्रसंगीं कित्येक वादक आपला मोलाचा गज जपून ठेवतात आणि एखादा साधा गज बाहेर काढतात. शिकतांना ज्यानें हात घडविला, तो स्वस्त गज मग पुन्हां कामाला येतो.