पहारेकरीच घरावर उलटतात तेव्हा



आज मी पेम्फिगस ह्या कातडीच्या रोगाविषयी चार शब्द बोलणार आहे. बहुधा आधी तोंडात जखमा होतात, घास गिळणे कठीण होते. मग अंगावर पाण्याने भरलेले फोड उठतात, ते चटकन फुटतात आणि मागे ओली जखम राहते. असा रोगी दिसला की त्याची ताटवाटी वेगळी केली जाते, मुलांना दूर ठेवले जाते. परंतु हा रोग एकापासून दुसऱ्याला लागत नाही.

मग तो होतो कसा? आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. त्यांपैकी टी-पेशी परका कोण हे ओळखून बी-पेशींना इशारा देतात आणि बी-पेशी प्रतिपिंडे तयार करवून जंतूंचा बंदोबस्त करतात. पेम्फिगसमध्ये ही ओळखच चुकते. विटा सिमेंटने जोडाव्यात तशा कातडीच्या पेशी डेस्मोग्लिन नावाच्या प्रथिनाने एकमेकींना धरून असतात. प्रतिपिंडे ह्या प्रथिनावरच हल्ला करतात. सांधा सुटतो, फटीत पाणी साचते व फोड येतो. रोग्यांच्या रक्तातील ही प्रतिपिंडे बॉयटनर व जॉर्डन ह्या संशोधकांनी १९६४ साली दाखवून दिली.

१९५० च्या सुमारास स्टिरॉइड औषधे आली. त्यापूर्वी बहुतेक रोगी दगावत. आता रिटुक्सिमॅब हे इंजेक्शन बी-पेशींनाच नेमके टिपते. अमेरिकेत २०१८ साली त्याला ह्या रोगासाठी मान्यता मिळाली. मात्र ह्या औषधांनी पहाराच ढिला पडतो. म्हणून ताप आल्यास ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे.

पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. तोंडातील जखमा काही आठवड्यांत भरल्या नाहीत, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नका. बरे वाटले म्हणून स्टिरॉइडची गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका. त्याने जिवावर बेतू शकते. आणि विद्यार्थी मित्रांनो, शेजारी असा रोगी असेल तर त्याच्याजवळ बसा, त्याच्याशी बोला. तुमच्या शिक्षणाचा तेवढा उपयोग तरी त्याला झालाच पाहिजे.