पत्त्याएवढं कार्ड आणि शेजारधर्म
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, त्याबद्दल आपल्या सर्वांचं अभिनंदन. रविवारी सकाळी आम्ही काही ज्येष्ठ मंडळी पार्किंगमध्ये सतरंजी टाकून मुलांबरोबर शिक्के मारत बसतो. "काका, हे नक्की काय चाललंय?" असं बरेच जण विचारतात. म्हणून आज थोडं सांगतो.

ही कार्डं अडीच बाय साडेतीन इंचांची, म्हणजे पत्त्याच्या पानाएवढी. 1997 साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात वांची स्टिर्नेमान या कलाकाराने स्वतः केलेल्या 1200 कार्डांचं प्रदर्शन भरवलं आणि बघायला आलेल्यांना सांगितलं, तुम्हीही करा आणि अदलाबदल करा. नियम दोनच. माप ठरलेलं, आणि कार्ड विकायचं नाही, बदलून घ्यायचं. मागच्या बाजूला नाव, तारीख आणि सही.

हाताने रंगवलेली छोटी पानं आपल्याला नवीन नाहीत. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांची प्रत्येकी 12, अशी 120 गोल पानं असतात. आणि छोट्या चित्राचं म्हणाल तर आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये 1926 पासून टपाल तिकिटं छापली जातात!

आता कृती. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून घ्यायच्या. चकचकीत बाजू नको, तिच्यावर शाई वाळत नाही, फासते. साधं खोडरबर घ्यायचं, पेन्सिलीने पान, पतंग, द्राक्षाचा घड असं काहीही काढायचं आणि नको तेवढा भाग कटरने काढून टाकायचा. कटर मात्र मोठ्यांच्याच हातात. अक्षर असेल तर उलटं कोरायचं. शिक्का पॅडवर हलकेच टेकवायचा, कार्डावर सरळ ठेवायचा आणि सरळच उचलायचा. घासला की गेला. हे मी बँकेत छत्तीस वर्षं केलंय, त्यामुळे या विषयात माझा थोडा अधिकार आहे!

पण मला बोलायचंय ते अदलाबदलीबद्दल. सुरुवातीला इथे राहायला आलो तेव्हा प्रत्येक घरातलं माणूस नावाने माहीत होतं. फराळाची ताटं वर-खाली जायची. आता काही घरं विकली गेली, काहींत भाडेकरू आले, काहींची मुलं पुण्याला नाहीतर परदेशात. व्हॉट्सॲप ग्रुपवर आपण रोज भेटतो, पण लिफ्टमध्ये मोबाइलकडे बघत उभे राहतो.

कार्ड बदलायचं म्हणजे समोर माणूस लागतो. पैसे नसल्यामुळे आठ वर्षांच्या मुलाचं वाकडं फुलपाखरू आणि आर्ट टीचरताईंचं सुबक कमळ यांचा भाव एकच. आमच्यातल्या एक आजी यजमान गेल्यापासून खाली उतरत नव्हत्या. मुलं कार्ड मागायला त्यांच्या दारात गेली. हात थरथरतो म्हणून त्यांनी रांगोळीचे ठिपके बोटाने उठवले. आज त्यांच्या कार्डासाठी मुलं नंबर लावतात आणि आजी रविवारी नऊच्या आधीच खाली असतात.

पार्किंगवरून दोन घरांचं बोलणं बंद होतं, हे सर्वांना माहीत आहे. त्यांच्या मुलांनी कार्डं बदलली. पार्किंगचा प्रश्न अजून सुटलेला नाही, कमिटीपुढे आहेच. पण परवा दोन्ही आया जिन्यात उभ्या राहून कार्डं बघत होत्या. मला तेवढंही पुष्कळ वाटलं.

तेव्हा एक विनंती. येत्या रविवारी प्रत्येक घराने एकच कार्ड करावं आणि ज्या घराची बेल आपण आजवर कधी वाजवली नाही, तिथे ते स्वतः नेऊन द्यावं. बदल्यात त्यांचं घ्यावं. चित्र येत नाही, ही सबब चालणार नाही. खोडरबर आणि पॅड माझ्याकडे मिळेल.